धन्याविना पेटी

प्रवासांत माणसाचें आणि त्याच्या सामानाचें नातें पूर्वीं फार निकटचें असे. बैलगाडीच्या दिवसांत वाटसरू आपलें गांठोडें उशाशीं घेऊन धर्मशाळेंत निजे. आगगाडी आली तेव्हां त्यानें तेंच गांठोडें बांकाखालीं सारलें, पण पायाचा अंगठा त्यास लागून राहील अशी काळजी घेतली. विमानानें हें नातें तोडलें. उतारू आपली पेटी एका खिडकीशीं देतो, तिच्या बदल्यांत कागदाचा एक चिटोरा घेतो, आणि पुढें ती पेटी कोणाच्या हातांतून जाते व कोणत्या विमानाच्या पोटांत शिरते हें त्यास दिसत नाहीं. उलटपक्षीं पेटी घेणाऱ्यासहि तो उतारू विमानांत चढला कीं नाहीं हें दिसत नाहीं. उतारू आणि पेटी यांच्या या ताटातुटींत जी फट राहिली, तिच्यांतूनच नागरी विमानांच्या इतिहासांतील कांहीं अत्यंत भीषण संहार घडून आले आहेत.

दहशतवाद्यांपासून विमानांचें संरक्षण हा विषय निघाला म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढें पिस्तूल रोखून उभा राहिलेला अपहर्ता येतो. आम्ही आज त्याची कथा सांगणार नाहीं. एका अगदीं साध्या नियमाची कथा सांगणार आहों. नियम असा कीं, जो उतारू विमानांत नाहीं त्याची पेटीहि विमानांत असूं नये. तो समजण्यास पांडित्य नको व पाळण्यास मोठें यंत्र नको. विमानांत चढलेलीं माणसें व चढविलेल्या पेट्या यांचा मेळ घालावयाचा, इतकेंच. असें असतां हा नियम जगाच्या अंगवळणी पडण्यापूर्वीं शेंकडों निरपराध जीव कां खर्चीं पडावे, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

विमानांत स्फोटक द्रव्य ठेवण्याच्या कल्पनेस आरंभीं लोभानेंच बळ दिलें. ९ सप्टेंबर १९४९ रोजीं कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत एक लहानसें डीसी-३ विमान आकाशांत फुटलें व त्यांतील २३ माणसें ठार झालीं. आल्बेर ग्वे नांवाच्या एका दागिन्यांच्या व्यापाऱ्यानें आपल्या पत्नीचा कांटा काढण्यासाठीं व तिच्या विम्याची रक्कम मिळविण्यासाठीं तिच्याच विमानांत स्फोटकाचें पार्सल चढवविलें होतें. १ नोव्हेंबर १९५५ रोजीं अमेरिकेंत डेन्व्हर येथें जॅक गिल्बर्ट ग्रॅहॅम या तरुणानें आपल्या आईच्या पेटींत डायनामाइट ठेवलें. आईसह ४४ जीव गेले. दोघांही अपराध्यांस फांशी वा प्राणदंड मिळाला. परंतु एक गोष्ट वाचकांनीं येथें ध्यानांत ठेवावी. डेन्व्हरची पेटी धन्याविना नव्हती. तिची धनीण विमानांतच बसली होती आणि आपल्या पेटींत काय आहे हें तिला ठाऊक नव्हतें. या गोष्टीकडे आम्हांस पुन्हां यावें लागेल.

त्याच वर्षीं, डेन्व्हरच्या कांहीं महिने अगोदर, राजकारणानेंही ही वाट धरली होती. ११ एप्रिल १९५५ रोजीं एअर इंडियाचें 'काश्मीर प्रिन्सेस' हें विमान बांडुंगच्या परिषदेस निघालेल्या चिनी व इतर प्रतिनिधींस आणि वार्ताहरांस घेऊन हाँगकाँगहून जकार्तास चाललें होतें. दक्षिण चिनी समुद्रावर असतांना त्याच्या पंखाकडील भागांत स्फोट झाला. कप्तान जटार यांनीं जळतें विमान समुद्रापर्यंत आणलें, पण १९ पैकीं १६ जण वांचले नाहींत. कप्तानहि त्यांतच गेले. सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक आणि अभियंते अनंत कर्णिक हे तिघे मात्र पोहून बचावले, व कर्णिकांनीं त्या प्रसंगाची हकीकत पुढें पुस्तकरूपानें लिहून ठेविली. ज्यांना मारावयाचा बेत होता असें मानतात ते चौ एन लाय त्या विमानांत नव्हतेच. हाँगकाँगच्या सरकारनें चौकशी केली तेव्हां विमानतळावरील एका कामगारानें हें कृत्य केलें असें निष्पन्न झालें. पण तोंवर तो तैवानला पळून गेला होता. येथें तर उतारूहि नाहीं आणि पेटीहि नाहीं. ज्याच्या हातीं विमान विश्वासानें सोंपविलें होतें, त्याच हातानें घात केला. रक्षकाची निवड हीहि संरक्षणाचीच बाब आहे, हें या दुर्घटनेनें शिकविलें.

धन्याविना सामानाचा उपयोग करण्याची युक्ति खऱ्या अर्थानें १९७० सालीं पुढें आली. त्या वर्षीं २१ फेब्रुवारी रोजीं झुरिकहून तेल अवीवला निघालेलें स्विसएअरचें विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळांत कोसळून ४७ माणसें मेलीं. स्फोटक एका पार्सलांत होतें, व विमान ठराविक उंचीवर गेलें म्हणजे हवेचा दाब कमी होऊन तें पेटावें अशी योजना त्यांत केलेली होती. त्याच दिवशीं फ्रँकफुर्टहून व्हिएन्नास जाणाऱ्या ऑस्ट्रियन विमानांतही असाच स्फोट झाला. सुदैवानें वैमानिकांनीं तें सुखरूप परत उतरविलें. मारेकऱ्यानें स्वतः विमानांत बसण्याचें कारणच उरलें नाहीं. टपाल त्याच्या वतीनें प्रवास करूं लागलें.

या काळांत कायदे झाले नाहींत असें नाहीं. १९६३ सालीं टोकियो येथें, १९७० सालीं हेग येथें व १९७१ सालीं मॉन्ट्रिऑल येथें राष्ट्रांनीं करार केले. विमान पळविणें व विमानाचा नाश करणें हे सर्व राष्ट्रांनीं दंडावयाचे अपराध ठरले. १९७४ च्या मार्च महिन्यांत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनें शिकागो कराराला सतरावें परिशिष्ट जोडलें, तें सर्वस्वी संरक्षणासंबंधीं होतें. अमेरिकेनें १९७३ पासून प्रत्येक उतारूची व त्याच्या हातांतील पिशवीची तपासणी सुरू केली. आपल्या देशांतहि १९७८ सालीं नागरी विमान सुरक्षेकरितां एक स्वतंत्र विभाग निर्माण झाला. परंतु या साऱ्या खटाटोपाचा डोळा उतारूच्या खिशाकडे होता. तो काळ विमानें पळविण्याचा होता, आणि पळविणारा विमानांत बसावाच लागतो. म्हणून पहारा माणसांच्या दारावर बसला. सामानाचें दार बव्हंशीं उघडेंच राहिलें.

तें दार किती उघडें आहे याचा इशारा हिंदुस्थानास १९८४ सालीं मद्रासेंत मिळाला. २ ऑगस्टच्या रात्रीं मीनांबाक्कम विमानतळावर कोलंबोच्या विमानाकरितां एका इसमानें पेट्या दिल्या व तो स्वतः विमानांत चढला नाहीं. त्यामुळें त्या पेट्या विमानांत गेल्या नाहींत. त्या विमानतळावरच राहिल्या. रात्रीं अकराच्या सुमारास त्यांचा स्फोट होऊन इमारतीचा भाग कोसळला व सुमारें तीस माणसें मेलीं. नियम येथें अर्धा पाळला गेला. विमान वांचलें, पण उरलेली पेटी ही हरवलेली वस्तु नसून संशयित वस्तु आहे, ती माणसांच्या गर्दीपासून प्रथम दूर नेली पाहिजे, ही नियमाची दुसरी बाजू अमलांत आली नाहीं. हा धडा ज्यांनीं घ्यावयाचा त्यांस अवघे अकरा महिने मिळाले.

आतां आमच्या कथेच्या मुख्य प्रसंगाकडे येऊं. १९८४ च्या जूनमध्यें अमृतसरच्या सुवर्णमंदिरांत लष्करी कारवाई झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस पंतप्रधान इंदिरा गांधी यांचा वध झाला आणि त्यापाठोपाठ दिल्लींत व अन्यत्र निरपराध शिखांची कत्तल झाली. या आगींतून कॅनडांत राहणाऱ्या कांहीं खलिस्तानवादी अतिरेक्यांनीं सूडाचा बेत रचला. मूठभर माणसांच्या कृत्याचा दोष एका सबंध समाजावर लादणें हें अन्यायाचें होईल. जें विमान त्यांनीं फोडलें त्याचे सहवैमानिक कप्तान भिंदर हे शीखच होते, आणि उतारूंतहि शीख कुटुंबें होतीं.

इशारे नव्हते असें मात्र कोणीं म्हणूं नये. १ जून १९८५ रोजीं एअर इंडियाच्या मुंबईच्या मुख्य कचेरींतून परदेशांतील ठाण्यांस टेलेक्सनें सूचना गेली कीं, विमानांत किंवा नोंदलेल्या सामानांत ठराविक वेळीं फुटणारीं स्फोटकें ठेवण्याचा संभव आहे, तरी सामानाची तपासणी कसोशीनें करावी. ४ जून रोजीं कॅनडाच्या गुप्तवार्ता खात्याचे हेर संशयितांच्या मागावर डंकनजवळच्या रानांत गेले असतां त्यांनीं एका मोठ्या स्फोटाचा आवाजहि ऐकला. पण तो बंदुकीचा असावा असें त्यांनीं मानलें. एका कचेरीस एक तुकडा ठाऊक होता, दुसरीस दुसरा. ते तुकडे जोडून पाहणारें टेबल कोठेंच नव्हतें.

२२ जूनच्या सकाळीं व्हँकूव्हरच्या विमानतळावर एक मनुष्य कॅनेडियन कंपनीच्या खिडकीशीं आला. एम. सिंग या नांवानें त्याचें टोरोंटोपर्यंतचें तिकीट होतें. तेथून पुढें एअर इंडियानें दिल्लीस जाण्यासाठीं त्याचें नांव प्रतीक्षायादींत होतें, जागा निश्चित नव्हती. त्याचा आग्रह असा कीं, पेटी मात्र थेट दिल्लीपर्यंत नोंदवावी. खिडकीवरील बाईंनीं नियमाप्रमाणें नकार दिला. पुढली जागा निश्चित नसतां पेटी थेट पाठवितां येत नाहीं, असें सांगितलें. तो हुज्जत घालूं लागला. मागें रांग लांबत चालली होती. अखेर त्यांनीं पेटीस दिल्लीची चिठ्ठी लाविली. पेटी गेली, तो मनुष्य विमानांत चढला नाहीं. त्याच दिवशीं त्याच विमानतळावर एल. सिंग या नांवानें दुसरी पेटी टोकियोमार्गें बँकॉकला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानासाठीं देण्यांत आली. तिचा धनीहि विमानांत बसला नाहीं.

टोरोंटोस एअर इंडियाच्या सामानाची तपासणी क्ष-किरण यंत्रानें होत असे. ऐन कामाच्या वेळीं तें यंत्र बंद पडलें. उरलेल्या पेट्यांवरून हातांत धरावयाचें एक हुंगणारें उपकरण फिरविण्यांत आलें. त्याच वर्षीं जानेवारींत घेतलेल्या परीक्षेंत तें उपकरण कुचकामाचें ठरलें होतें. पुढें मॉन्ट्रिऑलला तीन पेट्या संशयास्पद वाटून बाजूस काढल्या, त्यांत कांहीं निघालें नाहीं. आणि स्फोटक हुंगणारा कुत्रा घेऊन पोलिस अंमलदार आला तोंवर विमान उडून गेलें होतें. यंत्र होतें, उपकरण होतें, कुत्रा होता. न झालें तें एकच काम: एम. सिंग हा गृहस्थ विमानांत आहे काय, एवढें कोणीं पाहिलें नाहीं.

२३ जून १९८५ रोजीं, ग्रिनिच वेळेनें सकाळीं ७ वाजून १४ मिनिटांनीं, 'सम्राट कनिष्क' हें बोइंग ७४७ विमान आयर्लंडच्या नैर्ऋत्येस अटलांटिक महासागरावर ३१,००० फूट उंचीवर असतांना फुटलें. मदतीची हांक देण्यासहि सवड मिळाली नाहीं. ३२९ माणसें होतीं. एकहि वांचलें नाहीं. त्यांत ऐंशीहून अधिक मुलें होतीं, कारण शाळांना सुट्टी लागली होती आणि कुटुंबेंच्या कुटुंबें आजीआजोबांस भेटण्यास दिल्लीमुंबईकडे निघालीं होतीं. समुद्रानें १३१ देह परत दिले. त्यापूर्वीं पंचावन्न मिनिटें जपानांत नारिता विमानतळावर दुसरी पेटी एका विमानांतून दुसऱ्या विमानांत नेली जात असतां फुटली व सामान उचलणारे दोन जपानी हमाल ठार झाले. ती थोडी उशिरा फुटती तर दुसरें विमानहि गेलें असतें. त्या दोघां हमालांचा कोणाच्याहि राजकारणाशीं कसलाहि संबंध नव्हता. ते दुसऱ्याचें ओझें उचलीत होते, इतकाच त्यांचा अपराध.

चौकशा झाल्या. भारत सरकारनें नेमलेल्या न्यायमूर्ति किरपाल यांनीं १९८६ सालीं पुढील सामानकक्षांत स्फोट झाल्याचा निष्कर्ष दिला. कॅनडांत मात्र न्यायाचें चाक फार हळू फिरलें. स्फोटकाच्या घडणींत हात असलेल्या इंद्रजितसिंग रेयात यास १९९१ सालीं नारिताच्या मृत्यूंबद्दल व २००३ सालीं कनिष्काबद्दल शिक्षा झाली. दुसरी शिक्षा तर केवळ पांच वर्षांची होती. दोन मुख्य आरोपी २००५ सालीं पुराव्याअभावीं सुटले. मेलेल्यांपैकीं बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक असतां कॅनडाच्या पंतप्रधानांनीं त्या वेळीं दुखवट्याचा दूरध्वनि भारताच्या पंतप्रधानांस केला होता. आपलीच माणसें गेलीं हें त्या देशाच्या मनास उमगण्यासच पुष्कळ वर्षें लागलीं. न्यायमूर्ति मेजर यांच्या चौकशी मंडळानें २०१० सालीं अहवाल दिला, आणि त्याच वर्षीं २३ जून रोजीं तेथील पंतप्रधानांनीं मृतांच्या कुटुंबांची क्षमा मागितली. त्या अहवालाचें एक सार आमच्या विषयाशीं निगडित आहे: उतारू व सामान यांचा मेळ घातला गेला असता तर ती पेटी कनिष्कांत गेलीच नसती.

येथें क्षणभर थांबून व्हँकूव्हरच्या त्या खिडकीकडे पुन्हां पाहणें आम्हांस अवश्य वाटतें. त्या बाईंस दोष देणें अत्यंत सोपें आहे, आणि म्हणूनच तें आम्हांस मान्य नाहीं. नियम त्यांस ठाऊक होता. त्यांनीं तो सांगितलाहि. पण त्यांच्या नकाराच्या मागें कोणी उभें नव्हतें. वरिष्ठांनीं विनयाचें व वेळेचें महत्त्व शिकविलेलें, समोर चढ्या आवाजांत बोलणारा मनुष्य, आणि त्याच्यामागें घड्याळाकडे पाहणारी रांग. या रांगेचा विचार इतिहास लिहिणारे करीत नाहींत. तिच्यांतील एकहि मनुष्य दुष्ट नव्हता. त्या सर्वांस आपापलें विमान गांठावयाचें होतें. तरी दुष्टाच्या आग्रहास जें बळ लाभलें त्यांतलें कांहीं या सज्जनांच्या उतावीळपणाचेंहि असूं शकेल. आपणांपैकीं कोण अशा रांगेंत उभा राहिला नाहीं? आणि पुढें हुज्जत चालू असतां "देऊन टाका एकदांचें" असें मनांत तरी कोण म्हणाला नाहीं?

बैल गेल्यावर झोपा करण्याची रीत आमच्यांतच आहे असें नव्हे. ती जागतिक आहे. कनिष्कानंतर सतरावें परिशिष्ट कडक झालें आणि विमानांत नसलेल्या उतारूची पेटी आंतरराष्ट्रीय विमानांतून नेऊं नये असा दंडक त्यांत आला. भारतांत सुरक्षेचा विभाग १९८७ च्या एप्रिलपासून स्वतंत्र खातें झाला. आमच्या पिढीच्या उतारूंस त्यानंतरच्या वर्षांतलें एक दृश्य आठवत असेल. विमानाच्या शिडीजवळ उन्हांत पेट्यांची रांग मांडलेली असे. प्रत्येकानें पुढें होऊन आपल्या पेटीवर बोट ठेवून "ही माझी" असें सांगावयाचें, मगच ती उचलून विमानांत घालीत. जिच्यावर कोणाचें बोट पडलें नाहीं ती खालीं राही. लोक कुरकुरत, तापलेल्या फरशीवर पाय भाजत, कोणी विनोद करीत. पण विमानानें तोडलेलें माणसाचें व सामानाचें नातें त्या एका बोटानें पुन्हां जोडलें जात होतें, हें त्या वेळीं थोड्यांच्याच लक्षांत आलें असेल.

दंडक झाला म्हणून आचरण झालें असें मात्र नाहीं. २१ डिसेंबर १९८८ रोजीं, कनिष्कानंतर साडेतीन वर्षांनीं, पॅन ॲमचें विमान स्कॉटलंडमध्यें लॉकर्बी गांवावर फुटलें. विमानांतील २५९ व गांवांतील ११ मिळून २७० जीव गेले. स्फोटक एका रेडिओ-कॅसेट यंत्रांत दडविलें होतें व तें यंत्र एका पेटींत होतें. २००१ सालीं स्कॉटिश न्यायालयानें दिलेल्या निर्णयाप्रमाणें ती पेटी माल्टाहून निघून फ्रँकफुर्टमार्गें लंडनला आली. तिच्यासोबत कोणीहि उतारू नव्हता. दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांतून येणाऱ्या पेट्यांचा उतारूंशीं मेळ घालण्याऐवजीं त्या क्ष-किरणांतून काढल्या म्हणजे पुरे, असें त्या कंपनीनें ठरविलें होतें. अमेरिकेच्या अध्यक्षांनीं नेमलेल्या मंडळानें १९९० सालीं त्यावर कठोर टीका केली. कनिष्काचा धडा लिहिलेला होता. तो वाचावयास मात्र लॉकर्बी घडावें लागलें. मध्यंतरीं १९८९ च्या सप्टेंबरांत फ्रेंच यूटीए कंपनीचें विमान आफ्रिकेच्या वाळवंटावर फुटून १७० माणसें मेलीं होतीं. तेथें पेटीचा धनी आरंभीं विमानांत होता, पण वाटेंत न्जामेना येथें उतरला व पेटी पुढें गेली. मेळ एकदां घालून भागत नाहीं, प्रत्येक मुक्कामावर घालावा लागतो, असा त्याचा अर्थ.

तथापि या नियमाची थोरवी सांगतांना त्याची मर्यादा झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. एप्रिल १९८६ मध्यें लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक गर्भवती आयरिश तरुणी तेल अवीवच्या विमानांत बसण्यास आली. तिच्या सामानाच्या तळाशीं स्फोटक होतें. तें तिच्या वाग्दत्त वरानें तिच्या नकळत ठेवलें होतें. नियमानें पाहिलें तर सारें ठीक होतें, कारण पेटीसह धनीण हजर होती. जें तीसएक वर्षांपूर्वीं डेन्व्हरला घडलें तेंच पुन्हां घडावयाचें. पण इस्रायली कंपनीच्या पहारेकऱ्यांनीं तिला शांतपणें प्रश्न विचारले: कोणाकडे चाललां, कोठें उतरणार, पेटी कोणीं भरली? उत्तरें जुळेनात म्हणून त्यांनीं सामान उघडलें, आणि पावणेचारशें माणसें वांचलीं. पेटी आपण स्वतः भरली काय, हा जो प्रश्न आज विमानतळावर विचारतात व ज्याचें उत्तर आपण न ऐकतांच देतों, त्याच्या पाठीशीं हा इतिहास आहे.

दुसरी मर्यादा ११ सप्टेंबर २००१ रोजीं उघड झाली. उतारूस पेटीशीं बांधून ठेवण्यामागें असें गृहीत आहे कीं मारणाऱ्यास स्वतः जगावयाचें असतें. त्या दिवशीं जे विमानांत चढले त्यांस जगावयाचें नव्हतें. म्हणून पुढें केवळ मेळ घालणें पुरेसें नाहीं, विमानाच्या पोटांत जाणारी प्रत्येक पेटी तपासलीच पाहिजे, असें ठरलें. १ जानेवारी २००६ पासून आंतरराष्ट्रीय विमानांसाठीं तो सर्व राष्ट्रांचा दंडक झाला. त्याच वर्षीं ऑगस्टांत लंडनमध्यें पेयांच्या बाटल्यांतून स्फोटक नेण्याचा कट उघडकीस आला व पाण्याची बाटली रांगेंतच टाकून द्यावी लागूं लागली. विमानतळाच्या रांगेंतील जाचक वाटणारे नियम असे कोणत्या ना कोणत्या तारखेचे आहेत. तारीख विसरली म्हणजे नियम केवळ जाच उरतो.

यावर आक्षेप घेणारे आहेत, व ते अगदींच पोकळ नव्हेत. तपासणींत वेळ जातो, खर्च होतो, निरपराध माणसाची मानखंडना होते, विशिष्ट नांवाच्या किंवा वेषाच्या माणसाकडे अधिक संशयानें पाहिलें जातें. शेवटचा आक्षेप आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. परंतु आम्ही ज्या नियमाची कथा सांगितली, त्याचा गुण नेमका हाच आहे कीं, तो कोणाचें नांव विचारीत नाहीं. तो उतारूच्या जातीकडे, धर्माकडे, दाढीकडे वा रंगाकडे पाहत नाहीं. पेटी आहे, तिचा धनी आहे काय? एवढेंच तो विचारतो. राजापासून रंकापर्यंत सर्वांस सारखा लागू पडणारा नियम हा अपमान नव्हे. अपमान होतो तो नियम एकास लावून दुसऱ्यास सोडण्यानें. आणि धोकाहि तेथूनच आंत येतो.

आयर्लंडच्या किनाऱ्यावर अहाकिस्ता नांवाचें एक लहानसें गांव आहे. कनिष्काचे अवशेष ज्या समुद्रांत गेले, त्याच्याकडे तोंड करून तेथें मृतांचें स्मारक उभें आहे. त्यांत एक सूर्यघटिका आहे व भिंतीवर नांवें कोरलीं आहेत. दर वर्षीं २३ जूनला आप्तस्वकीय तेथें जमतात, आणि तो दूरदेशीचा गांव त्यांचें आपल्या घरच्याप्रमाणें आगतस्वागत करतो. एवढें सारें ज्या पेटीमुळें घडलें, ती चिठ्ठी लावून सोडून देण्यास पांच मिनिटेंहि लागलीं नसतील. आपण कधीं विमानतळावर उभे असतां पुढच्या खिडकीशीं कोणी हुज्जत घालीत असेल, पलीकडचा तरुण कर्मचारी संकोचानें पण निश्चयानें "नाहीं, असें करतां येणार नाहीं" म्हणत असेल, आणि मागून रांगेंत कुजबुज सुरू झाली असेल, तर त्या कुजबुजींत आपला आवाज मिळवूं नये, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. विमान सुटलें तर दुसरें मिळेल. व्हँकूव्हरच्या खिडकीवर त्या दिवशीं रांगेंतून एखादा तरी आवाज "बाई, तुम्ही सावकाश करा, आम्ही थांबतों" असा आला असता, तर त्या नकारास बळ आलें असतें काय, हें आतां कोणासच सांगतां येणार नाहीं.